बाबांसाठी मेंदूत चिप की डोक्यावर हेडसेट? आधी पायाच्या अंगठ्याकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६२ वर्षांचे, डोंबिवलीला राहतात, एएलएसचं (स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात तो आजार) निदान होऊन दोन वर्षं झाली, हात पूर्ण गेलेत, बोलणं आता फक्त आईला कळतं आणि तेही अर्धंच, डोळे नीट आहेत, उजव्या पायाचा अंगठा अजून हलतो, रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन, लागतं. मुलाने विचारलंय की मेंदूत चिप बसवून लोक बोलायला लागलेत असं बातम्यांत येतंय, तर त्यासाठी परदेशात न्यावं का, आणि ते नाहीच जमलं तर ऑनलाइन तीस-चाळीस हजाराला मिळणारा मेंदूच्या लहरी वाचणारा हेडसेट घ्यावा का.

मी मुंबईत बरीच वर्षं याच कामात आहे, म्हणजे अर्धा वेळ ईईजीच्या (डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी टिपतात त्या) सिग्नलवर संशोधन आणि अर्धा वेळ पेशंटच्या घरी जाऊन स्विच बसव, बेल लाव, टॅब्लेटचा स्टँड वाकडा करून बघ असली कामं, त्यामुळे आडवळण न घेता सांगतो. चिपसाठी परदेशात नेऊ नका. हेडसेट घेऊ नका. ते पैसे ठेवा, लागणार आहेत. आणि या आठवड्यात तीन गोष्टी करा: बाबांचा जो काही आवाज शिल्लक आहे तो रेकॉर्ड करा, अंगठ्याखाली बेल बसवा, आणि एका पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहा. हसू नका, पुठ्ठ्याचं पुढे हिशोबासकट सांगतो.

आधी चिपबद्दल, कारण तुमचं मन तिथे अडकलंय आणि ते साहजिक आहे.

बातम्यांतली गोष्ट खोटी नाहीये. अमेरिकेत केसी हॅरेल नावाच्या एएलएस झालेल्या माणसाच्या मेंदूत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसच्या टीमने २०२३ मध्ये चार छोट्या पट्ट्या बसवल्या, सगळे मिळून २५६ इलेक्ट्रोड, म्हणजे सिग्नल टिपणारी बारीक टोकं, आणि २०२४ मध्ये त्याचा पेपर आला. सव्वा लाख शब्दांचा शब्दसंग्रह घेऊन ९७.५ टक्के शब्द बरोबर, वेग मिनिटाला साधारण ३२ शब्द. आपण गप्पा मारताना मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, म्हणजे पाचवा हिस्सा झाला, पण ज्याचं बोलणं कोणाला कळत नव्हतं त्याच्यासाठी हे प्रचंड आहे. त्याच्या आधी २०२३ मध्येच स्टॅनफर्डने ६२ शब्दांचा वेग गाठला होता, पण तिथे मोठ्या शब्दसंग्रहावर जवळजवळ चारातला एक शब्द चुकत होता. म्हणजे एका वर्षात अचूकता कुठल्या कुठे गेली. मी या क्षेत्रात आलो तेव्हा हे माझ्या हयातीत होईल असं मला वाटत नव्हतं, खरंच सांगतो.

आता बातमीत जे येत नाही ते. ही यंत्रणा विचार वाचत नाही. माणूस बोलायचा प्रयत्न करतो, तेव्हा मेंदूचा जो भाग ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र यांना हुकूम सोडतो तिथल्या पेशींची कडकड पकडून त्यावरून कुठला उच्चार करायचा होता ते ओळखलं जातं, मग भाषेचं मॉडेल त्या उच्चारांचे शब्द जुळवतं. स्नायूपर्यंत हुकूम पोचत नाही पण हुकूम सुटतो, सगळा खेळ त्यावर आहे. त्यासाठी कवटी उघडून इलेक्ट्रोड मेंदूत खुपसावे लागतात, या प्रकारात डोक्यातून बाहेर आलेल्या बटणासारख्या कनेक्टरला केबल जोडावी लागते, केबलच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरची गाडी असते आणि गाडीजवळ एक शिकलेला माणूस. न्यूरालिंक कंपनीचं वायरलेस आहे, १०२४ इलेक्ट्रोड ६४ बारीक दोऱ्यांवर, जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या माणसात बसवलं, आणि काही आठवड्यांत त्यातले बरेच दोरे मेंदूतून मागे सरकले, मग सॉफ्टवेअर बदलून काम चालवावं लागलं. सिंक्रॉन कंपनीवाले कवटी न उघडता मानेच्या शिरेतून स्टेंटसारखं जाळं मेंदूवरच्या मोठ्या शिरेत नेऊन ठेवतात, सर्जरी सोपी पण इलेक्ट्रोड फक्त १६, त्यामुळे बोलणं वगैरे नाही, क्लिक करण्यापुरतं.

आणि हे सगळं ट्रायलमध्ये आहे. ट्रायल म्हणजे किती लोक? ब्रेनगेट हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना कार्यक्रम, २००४ पासून चालू, त्यांनी सुरक्षिततेचा १७ वर्षांचा आढावा काढला तेव्हा त्यात एकूण माणसं होती १४. चौदा! ट्रायलमध्ये घेतात तेव्हा पेशंट हॉस्पिटलपासून गाडीने काही तासांत पोचेल इतक्या अंतरावर राहणारा लागतो, कारण टीम आठवड्यातून अनेकदा घरी येते, वर्षानुवर्षं येते. त्यामुळे "नेऊन बसवून आणू" हा प्रकारच तिथे नाही. समजा कोणी बसवून दिलं तरी डोंबिवलीत त्याची देखभाल कोण करणार, सिग्नल सरकला की कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र पुन्हा जुळवून घ्यायचं काम, कोण करणार.

भाषेचा मुद्दा तर वेगळाच, आणि हा माझ्या कामाच्या जवळचा आहे म्हणून जरा लांबवतो. आत्तापर्यंतची गाजलेली कामं मुख्यतः इंग्रजीतली. इंग्रजीत सव्वा लाख शब्दांची यादी केली की रोजचं बहुतेक सगळं बोलणं त्यात बसतं. मराठीत नाही बसत हो. घर, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा, एका शब्दाला किती शेपट्या, आणि प्रत्येक क्रियापदाची तीच गत. म्हणजे शब्दांची यादी घेऊन बसून चालणार नाही, शब्दांचे तुकडे घेऊन मॉडेल बांधावं लागेल. वर ट आणि त, ल आणि ळ, क आणि ख हे फरक मेंदूच्या सिग्नलमधून वेगळे काढावे लागतील, आणि ते शिकायला मराठीत बोलायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचाच डेटा लागेल, इंग्रजीचा उसना आणून भागणार नाही. हे होणार नाही असं मी म्हणत नाही, यावर काम करण्यासारखं खूप आहे आणि कोणी तरुण इंजिनिअर हे वाचत असेल तर जरूर या. पण तुमच्या बाबांच्या हातात जो वेळ आहे त्याच्याशी याचा मेळ बसत नाही.

आता हेडसेट.

ईईजी ही शंभर वर्षं जुनी गोष्ट, जर्मनीत हान्स बर्गरने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून पहिली नोंद घेतली, १९२९ मध्ये छापली. मेंदूतल्या एकेका पेशीचा आवाज कवटीबाहेर येतच नाही. बाहेर पोचतं ते फक्त हजारो-लाखो पेशी एका ठेक्यात वाजल्या तरच. विसर्जनाच्या रात्री परळच्या पुलावर उभं राहिलं तर लालबागचा ढोल ऐकू येतो, पण तिथे कोण कोणाला काय म्हणतंय ते ऐकू येत नाही, तसं आहे हे. तुम्हाला हवंय बोलणं, आणि हेडसेट देतो ढोल.

तरी त्या ढोलातूनही काम काढता येतं. १९८८ मध्ये फारवेल आणि डॉन्चिन या दोघांनी ६ बाय ६ चा अक्षरांचा तक्ता स्क्रीनवर ठेवला, ओळी आणि स्तंभ एकामागून एक चमकवले, आणि तुम्हाला हवं असलेलं अक्षर चमकलं की साधारण ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक उंचवटा येतो, तो पकडून अक्षर ओळखलं. त्याला पी ३०० म्हणतात, माझं बरंचसं काम यावरच आहे. अडचण अशी की तो उंचवटा काही मायक्रोव्होल्टचा आणि मागचा गोंगाट त्याच्या कितीतरी पट, म्हणून तेच अक्षर पुन्हा पुन्हा चमकवून सरासरी काढावी लागते. १६ वेळा केलं की गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो, पण वेळ १६ पट जातो. त्यांचा वेग होता मिनिटाला २.३ अक्षरं. शब्द नाही, अक्षरं. आज आणखी जलद प्रयोग झालेत, पण ते लॅबमधल्या चांगल्या मशीनवर, जेल लावून, ३२ किंवा ६४ इलेक्ट्रोड घेऊन. आणि ६ बाय ६ मध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे मावतात, देवनागरी मावत नाही, त्यासाठी ८ बाय ८ चा तक्ता घ्यावा लागतो, म्हणजे एका फेरीत १२ च्या जागी १६ वेळा चमकवायचं, म्हणजे तिथेच वेळ एक तृतीयांशाने वाढला.

ऑनलाइन मिळणाऱ्या हेडसेटला इलेक्ट्रोड असतात एक, चार, पाच, फार तर चौदा, तेही बरेचदा कपाळावर. कपाळावर काय असतं? कपाळाचे स्नायू आणि खाली डोळे. पापणी लवली की मेंदूच्या सिग्नलच्या कितीतरी पट मोठा झटका येतो. "मनाने चालणारी व्हीलचेअर" म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनात जे दाखवतात ना, त्यातली बरीचशी प्रत्यक्षात पापणीवर आणि कपाळाच्या आठीवर चालतात. चालू देत, मला त्याचं काही वाईट वाटत नाही, पण मग त्याला पापणीचा स्विच म्हणा, तो हजार-दोन हजारात होतो, आणि तो जास्त भरवशाचा असतो. मेंदूचं नाव लावलं की किंमत वाढते एवढंच.

शिवाय मुंबईतलं घर. पंखा, ट्यूबलाइट, फ्रीज, चार्जर, सगळ्यांची ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते, ती गाळता येते पण दमट हवेतला घाम गाळता येत नाही, घाम आला की इलेक्ट्रोडखालचा सिग्नल हळूहळू वाहवत जातो. एसी लावला की बरं, पण मग बाबा कुडकुडतात आणि स्नायूंचा सिग्नल येतो. आणि केसांचं तेल! ईईजीला जाताना केस धुवून या, तेल लावू नका असं हॉस्पिटलमध्ये सांगतात ते यासाठीच. घरी आई रोज प्रेमाने डोक्याला खोबरेल लावणार, मग रोज सकाळी मशीनसाठी ते कोण धुणार? असल्या गोष्टींवर यंत्रं कपाटात जातात, तंत्रज्ञान कच्चं आहे म्हणून नाही. मी ज्या ज्या घरांत कपाटात पडलेला हेडसेट बघितलाय तिथे कारण हेच, लावायला अर्धा तास, काढायला दहा मिनिटं, आणि मधल्या वेळात दोन शब्द.

मग करायचं काय. माझा नियम साधा आहे, शरीरात जो सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात स्वच्छ सिग्नल आहे तिथे यंत्र जोडा. मेंदूपर्यंत जायची वेळ तेव्हाच जेव्हा त्याच्या खालचं सगळं संपलंय. स्टीफन हॉकिंगचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, त्याला जगातलं कुठलंही यंत्र मिळू शकलं असतं, तरी आधी हाताच्या अंगठ्याखालचं बटण आणि ते गेल्यावर चष्म्याला लावलेला एक इन्फ्रारेड सेन्सर, जो गालाचा एक स्नायू हलला की क्लिक करायचा, यावरच तो शेवटपर्यंत बोलला. त्याचं इंटेलने केलेलं सॉफ्टवेअर २०१५ पासून फुकट आहे.

तुमच्या बाबांकडे अंगठा आणि डोळे दोन्ही आहेत. ही श्रीमंती आहे, मी गंमत करत नाहीये.

अंगठ्यापासून सुरू करा, आणि कॉम्प्युटरआधी बेल. रात्री बायपॅपचा मास्क सरकला तर ते आईला कसं उठवणार? हा प्रश्न बोलण्याच्या आधीचा आहे आणि कोणी विचारत नाही. वायरलेस डोअरबेल मिळते काहीशे रुपयांची, तिचं बटण उघडून त्यातल्या स्विचला दोन वायरी जोडायच्या आणि हलकासा दाब घेणारा मायक्रोस्विच अंगठ्याशी लावायचा. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही कंपोनंटच्या दुकानात मायक्रोस्विच मिळतो, दांडीवाला मागा, त्याला दाब कमी लागतो. सोल्डरिंग येत नसेल तर टीव्ही रिपेअरवाला दहा मिनिटांत करून देईल. फोमचा तुकडा आणि वेल्क्रोची पट्टी घेऊन पलंगाच्या पायथ्याशी असा बसवा की पाय नुसता पडलेला असताना दाबला जाणार नाही, मुद्दाम हलवला तरच दाबला जाईल. यात वेळ जातो, पाय रात्री फिरतो, चादर अडकते, दोन-चार दिवस इकडे तिकडे करत बसावं लागेल. तोच स्विच पुढे साध्या माऊसच्या डाव्या क्लिकला जोडला की कॉम्प्युटर चालतो, स्क्रीनवर ओळी आपोआप पुढे सरकतात आणि हव्या ओळीवर क्लिक करायचं, मग हव्या अक्षरावर क्लिक. अँड्रॉइड फोनमध्ये स्विच अ‍ॅक्सेस ही सोय असतेच, आणि अँड्रॉइड १२ पासून समोरच्या कॅमेऱ्यालाच भुवई उचलणं, हसणं, तोंड उघडणं असले हावभाव स्विच म्हणून देता येतात, म्हणजे अंगठा गेला तर लगेच भुवईवर जाता येईल.

डोळ्यांसाठी आय ट्रॅकर. इन्फ्रारेडचा ठिपका बुबुळावर पडतो, त्यावरून नजर कुठे आहे ते कळतं, नजर एका जागी रोखून धरली की क्लिक. एएलएसमध्ये डोळे हलवणारे स्नायू बहुतेक वेळा उशिरापर्यंत टिकतात म्हणून हे सगळ्यात जास्त वापरलं जातं. सराव झाला की मिनिटाला आठ-दहा शब्द होतात, म्हणजे घरात वापरता येणाऱ्या कुठल्याही हेडसेटच्या कितीतरी पुढे. पेशंटसाठी बनवलेले ट्रॅकर लाखांत जातात, म्हणून आधी फुकटातलं करून बघा: आयफोन १२ किंवा त्यापुढचा असेल तर आयओएस १८ मध्ये नजरेने फोन चालवायची सोय आहे, अँड्रॉइडवर गुगलचं लूक टू स्पीक २०२० पासून आहे ज्यात फक्त डावीकडे, उजवीकडे, वर बघून ठरवलेली वाक्यं बोलता येतात, आणि विंडोजवर ऑप्टीकी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ट्रॅकर तेवढा विकत घ्यावा लागतो. स्क्रीन चेहऱ्यासमोर सरळ, साधारण ६० सेंटिमीटरवर. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर त्रास होतो, फक्त जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्या. खिडकीतून दुपारचं ऊन थेट तोंडावर येत असेल तर पडदा. आणि खरेदीच्या आधी डेमो घ्या, तोही बाबा ज्या पलंगावर ज्या तिरक्या स्थितीत असतात तिथेच, शोरूममध्ये खुर्चीत बसून छान चाललेलं यंत्र घरी पलंगावर चालत नाही हे मी इतक्यांदा बघितलंय की आता डेमो घरी दिला नाही तर घेऊच नका असं सांगतो.

टायपिंग मराठीत की इंग्रजी अक्षरांत? बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर जसं लिहायचे तसं. "pani" टाइपलं की पाणी येणारा कीबोर्ड असतो, २६ बटणं म्हणजे प्रत्येक बटण मोठं, नजरेला सोपं. आणि गुगलचा मराठी आवाज ते वाचून दाखवतो.

आता पुठ्ठा. बॅटरी संपते, डोळे थकतात, अंघोळीच्या वेळी यंत्र नसतं. तेव्हा हा. आठ ओळी करायच्या: पहिली स्वरांची, मग क, च, ट, त, प यांचे वर्ग, मग य र ल व, मग श ष स ह ळ. आई म्हणेल "स्वर? क? च? ट? त? प?" आणि हवी ओळ आली की बाबा डोळे वर करतील, मग त्या ओळीतली अक्षरं. शाळेत घोकलेली वर्णमाला आहे, दोघांनाही पाठ, थोड्या दिवसांनी पुठ्ठा बघावाही लागत नाही. काना-मात्रा सोडून द्या. प आणि ण म्हणजे पाणी, प आणि ठ म्हणजे पाठ, प आणि ख म्हणजे पंखा, प आणि य म्हणजे पाय. हिशोब बघा, प ला सात वेळा विचारावं लागतं, ण ला नऊ वेळा, सोळा प्रश्न, अर्धं मिनिट फार तर. १९८८ च्या त्या मशीनला दोन अक्षरांना जवळजवळ एक मिनिट लागलं असतं. इथे पुठ्ठा जिंकतो कारण अर्धं काम आईचं डोकं करतं, तिला माहितीये की या वेळेला काय हवं असतं.

होकारासाठी पापणी मिटणं ठेवू नका. पापणी आपोआप लवते, मग खरा होकार कुठला ते कळत नाही. वर बघणं म्हणजे हो, डोळे घट्ट मिटून धरणं म्हणजे नाही. आणि घरातले सगळे, केअरटेकर, डॉक्टर, सगळ्यांना एकच खूण. पलंगामागच्या भिंतीवर कागद चिकटवा, नवीन येणाऱ्या ब्रदरला वाचता येईल असा मोठ्या अक्षरात, मराठी आणि हिंदीत.

आवाजाचं मी सुरुवातीला म्हटलं ते सगळ्यात घाईचं, कारण बाकी सगळं पुढच्या महिन्यातही करता येईल, हे नाही. बोलणं अस्पष्ट झालं असलं तरी रेकॉर्ड करा, वाक्यं न्यूजरीडरसारखी नकोत, त्यांची स्वतःची हवीत: आईला ते कशी हाक मारतात, नातवाला काय म्हणतात, क्रिकेट बघताना कोणाला शिव्या घालतात, जांभई, हसणं, "बरं बरं ठीके". पंखा बंद, खिडकी बंद, कुकर लावायच्या आधी, सकाळी ते ताजे असताना, पाच-पाच मिनिटं, थकले की बंद. आणि जुना आवाज शोधा, हे जास्त महत्त्वाचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्स, लग्नाचे व्हिडिओ, सोसायटीच्या मीटिंगमध्ये केलेलं भाषण. हॅरेलच्या यंत्रणेत कॉम्प्युटर जो आवाज काढतो तो त्याच्या आजाराआधीच्या रेकॉर्डिंगवरूनच तयार केलाय. आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारतंय, मराठीतही येतंय, पण त्याला कच्चा माल हवा आणि तो फोन फॉरमॅट झाला की गेला. सगळं मूळ फाइलमध्ये दोन ठिकाणी ठेवा.

मुंबईत जायचं कुठे? हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, १९५५ पासून, सरकारी, तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट भेटतील. वांद्र्याला अली यावर जंग संस्था, आणि नायर हॉस्पिटलचा स्पीच विभाग. आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो नावाचं चित्रांचं अ‍ॅप फुकट आहे, मराठीतही आहे, मुळात मुलांसाठी पण काही मोठ्यांनाही चालतं. पहिल्या खेपेला बाबांना घेऊन जायची गरज नाही, डोंबिवलीहून ते दिव्य कशाला, अंगठ्याचा, डोळ्यांचा आणि बसण्याच्या स्थितीचा व्हिडिओ काढून तुम्ही एकटे जा. दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर ते लावून द्या, २०१६ च्या कायद्याच्या यादीत एएलएसचं वेगळं नाव नाही, सहसा हातापायांच्या अपंगत्वाखाली टक्केवारी देतात, ४० किंवा त्याहून जास्त असली की योजनांना पात्र.

आणि एक, कोणी भारतात चिप बसवतो किंवा मेंदूची ट्रायल करतो म्हणून पैसे मागितले तर उठून या. ट्रायल सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंदलेली असते, तुम्ही स्वतः शोधून बघू शकता, आणि ट्रायलच्या औषधाचे किंवा यंत्राचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. स्टेम सेलवाल्यांचंही तेच, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना रक्ताचे ठराविक आजार सोडून बाकी कशालाही ट्रायलबाहेर परवानगी देत नाहीत, एएलएस त्यात नाही. चकचकीत रिसेप्शन बघून लोक दागिने मोडतात, फार राग येतो मला.

मग बीसीआय, म्हणजे मेंदूला थेट कॉम्प्युटर जोडणं, कधी? डोळेसुद्धा थांबले तर. व्हेंटिलेटरवर बरीच वर्षं काढलेल्या काही पेशंटमध्ये ते होतं. तिथे काय शक्य आहे याबद्दल २०१७ चा एक खूप गाजलेला पेपर २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला, आकडे टिकले नाहीत. २०२२ मध्ये मात्र डोळेही न हलणाऱ्या एका एएलएस पेशंटने मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून, कॉम्प्युटरमधून ऐकू येणाऱ्या आवाजाची पट्टी मेंदूने वरखाली करून हो-नाही सांगत, अक्षर अक्षर जोडून वाक्यं लिहिली, मिनिटाला साधारण एक अक्षर. आज त्या टोकाला एवढंच आहे, आणि तेही एका माणसाचं.

म्हणूनच व्हेंटिलेटरचा प्रश्न बाबांना आत्ता विचारा, त्यांचे डोळे आणि अंगठा उत्तर देतायत तोवर. गळ्याला भोक पाडून कायमचं व्हेंटिलेटर हवंय का, हवंय तर कुठपर्यंत. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये याबद्दल आधी लिहून ठेवायला मान्यता दिलीये आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केलीये, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, त्यांची खूण किंवा अंगठा कसा घ्यायचा ते वकिलाला विचारा. विचारताना एकदाच विचारून थांबू नका. वेगवेगळ्या दिवशी, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, आणि उलटा करूनही विचारा, म्हणजे एकदा "मशीन लावायचं का?" आणि एकदा "मशीन नको ना?" दोन्हीची उत्तरं जुळली तर ते त्यांचं उत्तर. नाही जुळली तर ते थकलेत किंवा अजून ठरवतायत, थांबा, मध्ये दुसरं काही बोला, चार दिवसांनी परत विचारा, आणि विचारताना खोलीत फार माणसं नकोत.